एकोणीस दिवस, लाल शाईत

दत्ताराम शिगवण त्या आठवड्यात पाच मिनिटं एका जागी बसलेला कुणी पाहिला नाही. इस्त्री केलेल्या शर्टाला तो पुन्हा इस्त्री करी, पुसून ठेवलेले बूट उचलून पुन्हा पुशी, आणि मधेच खिडकीशी जाऊन खाली पार्किंगकडे बघत राही. दुबईच्या अल मनखूल भागातल्या त्या फ्लॅटची एकच खोली शिगवणांच्या वाट्याची. बाकी फ्लॅट जोकिम आणि सिसिलिया या वसईच्या नवरा-बायकोचा. स्वयंपाकघर दोघांत मिळून. खोलीत एक पलंग, एक कपाट, एक टेबल, आणि टेबलाशी बसलेली चौदा वर्षांची सृष्टी. यातून उरलेल्या जागेत माणसाने फेऱ्या मारायच्या म्हटलं तरी किती मारणार? पण दत्ताराम मारत होता.

"बाबा, यू आर मेकिंग मी डिझी," सृष्टी वहीतून मान वर न काढता म्हणाली.

"अहो, बसा की जरा," आशा म्हणाली. "सुनावणी पुढच्या मंगळवारी आहे. आज रविवार. नऊ दिवस असेच चालत राहिलात तर मुंबईला विमान कशाला, चालतच पोचाल."

तो बसला. मांडीवर फाइल घेतली, उघडली, मिटली आणि उठला.

त्या फाइलमध्ये त्याचं डिस्चार्ज बुक होतं. ज्याने फौज पाहिली नाही त्याला सांगायला हवं, की जवानाला मोठी शिक्षा झाली तर ती त्याच्या कागदांवर लाल शाईने लिहितात. अशा चार लाल नोंदी झाल्या की पलटण त्याला घरचा रस्ता दाखवू शकते. नाईक दत्ताराम शिगवणच्या नावावर चार होत्या. पहिल्या तीन तो हसत सांगायचा: एकदा सरकारी पाण्याची बाटली नदीत वाहून गेली, एकदा हजेरीला उशीर, एकदा कोठारवाल्या हवालदाराशी झालेली बाचाबाची. चौथीबद्दल मात्र तो कुणाला ताकास तूर लागू देत नसे. चौथी सांगत होती, की हा जवान रजेवरून एकोणीस दिवस उशिरा आला, आणि ते एकोणीस दिवस तो दारूच्या नशेत होता. खाली शेरा: दारूची सवय, सेवेला अयोग्य. तेरा वर्षं आठ महिन्यांची नोकरी त्या एका ओळीत गेली. पंधरा पुरी झाली असती तर पेन्शन तरी होती.

गाव मंडणगडच्या बाजूचं. तिथे दर दुसऱ्या घरात एक फौजी, आणि सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात माजी सैनिकांची वेगळी रांग. दत्ताराम त्या रांगेत कधी उभा राहिला नाही. पुढच्याच वर्षी त्याने दुबई गाठली, आधी गार्ड, मग सुपरवायझर, आणि चार वर्षांपूर्वी बायको-मुलीलाही इथे आणलं. तीन वर्षांपूर्वी एका जुन्या सोबत्याची नोंद लष्करी न्यायाधिकरणातून सुधारून मिळाल्याचं कानावर आलं, तेव्हा यानेही मुंबईत वकील धरून अर्ज केला. अर्ज करताना त्याला वाटलं होतं, कागद कागदांशी भांडतील आणि आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. किती भाबडा असावा माणूस!

सोमवारी सकाळी आशा नर्सरीत कामाला आणि सृष्टी शाळेत गेल्यावर ॲडव्होकेट प्रज्ञा बागवेंचा व्हिडिओ कॉल आला. दत्तारामने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि स्वतःही त्याच्यासमोर सावधान उभा राहिला.

"शिगवण, बसून बोला. मी कर्नल नाही."

"ठीक आहे मॅडम," तो म्हणाला आणि उभाच राहिला.

"समजा मी न्यायमूर्ती आहे. त्या एकोणीस दिवसांत तुम्ही कुठे होतात?"

"गैरहजर होतो मॅडम. चूक झाली."

"कुठे होतात, असं विचारतेय मी."

"चूक झाली मॅडम."

"का नाही गेलात वेळेवर?"

"मॅडम, चूक झाली."

प्रज्ञाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा, तुमच्या चुकीचं वकीलपत्र नाही घेतलं मी. तुमचं घेतलंय."

आता यात दत्तारामचा तरी काय दोष? अठराव्या वर्षी भरती झाल्यावर पहिल्या महिन्यात त्याला जे शिकवलं गेलं त्यात बंदूक नंतर होती. आधी हे होतं, की वरच्याने विचारलं तर कारण सांगायचं नाही. कारण सांगणं म्हणजे उलट बोलणं. साहेबासमोर टोपी-पट्टा काढून उभं करतात, साहेब विचारतो, कुछ कहना है? त्याचं उत्तर एकच, नहीं साहब, गलती हो गई. हे उत्तर त्याच्या हाडांत इतकं मुरलं होतं की दुबईत सिग्नलला कुणी मागून हॉर्न वाजवला तरी तेच तोंडात यायचं.

"बरं, मग मी बोलते," प्रज्ञाबाई म्हणाल्या. "तुमच्या मेडिकलमध्ये तेरा वर्षं, दर वर्षी, लिहिलंय की हा जवान पीत नाही. पलटणीच्या रम वाटपाच्या रजिस्टरची कॉपी मी माहिती अधिकारात काढली. तुमच्या नावापुढे तुमची सही एकदाही नाही, वाटा दर वेळी दुसऱ्या कुणीतरी उचललाय. आणि हाच माणूस एकोणीस दिवस पिऊन पडला होता? शिगवण, तेरा वर्षं डॉक्टर खोटं लिहीत होते, की तुम्ही एक दिवस खोटं बोललात?"

दत्तारामने फोन डब्याशी सरळ केला.

"मागच्या तारखेला बेंचने काय सांगितलं ते ठाऊक आहे तुम्हाला. अर्जदाराने जातीने हजर राहायचं, आणि त्या एकोणीस दिवसांचं प्रतिज्ञापत्र स्वतःच्या शब्दांत द्यायचं. गुरुवारी कॉन्सुलेटचा शिक्का मारून मला स्कॅन पाठवा, शुक्रवारी मी दाखल करते. नाही आलं तर केस संपली, आणि ती ओळ जन्मभर तशीच राहील. खोटं लिहून पाठवलंत तरी संपली, कारण रजिस्टर मीच लावलंय."

फोन बंद झाला तरी तो काही वेळ तांदळाच्या डब्यासमोर सावधान उभा होता.

खरं काय ते लिहायला त्याची ना नव्हती. न्यायमूर्ती अनोळखी, त्यांना काय, सांगून टाकलं असतं. घोडं अडलं होतं ते आशापाशी. कारण त्या दारूवर त्यांचा सगळा संसार उभा होता.

ही गोष्ट जरा नीट सांगायला हवी. दत्ताराम डिस्चार्ज बुक घेऊन घरी आला तेव्हा सृष्टी वर्ष-सव्वा वर्षाची होती. त्याच्या वडिलांनी ते पुस्तक शिक्षकाकडून वाचून घेतलं आणि घरात रडारड झाली. आशाचा बाप पिणारा. दारुड्याचं घर कसं असतं ते तिने बारा वर्षं सोसलं होतं. ती कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच काळकाईच्या देवळात गेली आणि गुरवाकडून गाऱ्हाणं घालून घेतलं: माझ्या घोवाची दारू सुटू दे, मी मासे सोडते.

कोकणातल्या बाईने मासे सोडायचे म्हणजे काय, ते देशावरच्यांना कळायचं नाही. आशा खाडीच्या काठी वाढलेली. माहेरी दोन वेळच्या जेवणात मासा नसेल तर ते जेवण आजाऱ्याचं. आणि गंमत बघा, दत्तारामने त्या दिवसापासून दारूला स्पर्श केला नाही. करणार कसा? त्याने आधीही कधी केला नव्हता. पण देवीला आयतं श्रेय मिळालं आणि आशाची श्रद्धा पक्की झाली. "यांनी एकदा सोडली ती सोडली," असं ती सगळ्यांना अभिमानाने सांगायची, आणि न लावलेलं व्यसन सोडल्याचं कौतुक दत्ताराम खाली मान घालून ऐकून घ्यायचा. नाताळात सिसिलियाच्या केकला तो हात लावत नसे, त्यात रम असते म्हणून, तर त्यातही आशाला त्याचा निग्रह दिसायचा.

तेरा वर्षं झाली. बाजारात सुरमई बघून ती भाव विचारी, "पस्तीस दिऱ्हम किलो, म्हणजे आठशे रुपये," असं मोठ्याने बोलून नवऱ्या-मुलीसाठी घेई, आपल्यासाठी वांगं. घरात माशाचं कालवण तीच करायची, पण चव घ्यायची नाही. "सृष्टी, मीठ बघ गं," म्हणून चमच्यावर थेंब पुढे करायची. सृष्टी मोबाइलवरची नजर न काढता जीभ लावून म्हणायची, "इट्स फाइन, आई." मग दत्ताराम जेवायला बसे आणि बाजूला लोणचं घेई. "माशाबरोबर लोणचं कोण खातं हो?" आशा दर वेळी विचारायची. तो लोणच्याची आणखी एक फोड घेई.

आता अशा बाईला सांगायचं, की बाई गं, मी पीतच नव्हतो. बरं, मग कुठे होतात? त्याचं जे उत्तर होतं, ते द्यायची त्याला दारुडा म्हणवून घेण्यापेक्षा जास्त लाज होती.

मंगळवारी ड्यूटीवरही त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. टॉवरच्या लॉबीतून तो बेसमेंटला, बेसमेंटमधून पुन्हा लॉबीत, असा लिफ्टने खालीवर करत होता. उझैर नावाचा गार्ड, दोन लेकरांचा बाप, वीस मिनिटं उशिरा आला. कंपनीचा नियम असा की उशीर लाल पेनने लिहायचा. लाल पेनांचं पाकीट दत्तारामच्या खणात पाच वर्षं न फोडलेलं पडून होतं.

"सॉरी सर, गलती हो गई," उझैर म्हणाला.

"गलती छोड़. वजह बोल," दत्ताराम खेकसला. "बस छूटी? बच्चा बीमार? मुंह है ना? बोल!"

उझैर बावरला. बस सुटली होती. दत्तारामने निळ्या पेनने लिहिलं: वीस मिनिटं उशीर, कारण विचारलं, बस सुटली. लिहून झाल्यावर त्या ओळीकडे तो बघत राहिला, आणि त्याला स्वतःचाच असा राग आला की रजिस्टर आपटून तो पुन्हा बेसमेंटला गेला.

बुधवारी दुपारी तो जोकिमच्या टायपिंग सेंटरमध्ये गेला. बर दुबई भागात कॉन्सुलेटच्या आसपास अशी सेंटरं बरीच: व्हिसाचे अर्ज, पासपोर्टचे फॉर्म, प्रतिज्ञापत्रं, सगळं तिथे टाइप होतं. जोकिम एकतीस वर्षं हेच करत होता. लोकांची लग्नं, जन्म, मृत्यू आणि हरवलेले पासपोर्ट त्याच्या बोटांखालून गेले होते.

"सांग दत्ता, यल्ला, चल लवकर," जोकिम कीबोर्डवर हात ठेवून म्हणाला.

दत्तारामने घडी घातलेला कागद काढला. त्यावर त्याने जुनंच लिहून आणलं होतं. अमुक तारखेला रजा संपली. मद्यपानाच्या अंमलामुळे मी वेळेवर हजर होऊ शकलो नाही. पश्चात्ताप होत आहे.

जोकिमने दोन ओळी टाइप केल्या आणि थांबला. "ए मॅन, तू माझ्या बायकोच्या केकला चार वर्षांत हात लावला नाहीस."

"टाइप करा हो अंकल."

"मी दारू पिणारे पाहिलेत. माझा भाऊ होता. सोडलेला माणूस केककडे कसा बघतो ते मला ठाऊक आहे. तू तसा बघत नाहीस. तू उपम्याकडे बघावं तसा बघतोस." जोकिमने त्या दोन ओळी पुसून टाकल्या. "खलास. आता खरं सांग. मी स्क्रीनकडे बघतो, तुझ्याकडे बघत नाही. लोक मला असंच सांगतात."

बाहेर टोकन पुकारलं जात होतं, एक बाई बाळाचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढून घेत होती, आणि त्या गलबल्यात दत्ताराम शिगवण खुर्चीच्या कडेवर बसून पहिल्यांदा बोलला. आधी तुकड्या-तुकड्याने आणि मग थांबेचना.

त्या फेब्रुवारीत वरच्या चौकीवर बर्फाचा कडा सुटून एक तंबू गाडला गेला होता. खणायला पाठवलेल्यांत तो होता. चार दिवस खणून त्यांनी पाच जण काढले, त्यातलं जिवंत कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी निघाला तो रोशन, चिपळूणचा, त्याचा जोडीदार. एका ताटात जेवणारा. हातात चहाचा मग तसाच धरलेला. तो मग हातातून सुटेना म्हणून मगासकटच त्याला खाली नेला. नंतर दत्तारामला कुणी विचारलं नाही की बाबा, झोप लागते का. रजा मिळाली, तो घरी आला, रजा संपली, ट्रंक घेऊन निघाला, आणि पलटणीत पोचला तो एकोणीस दिवसांनी.

"साहेबापुढे उभं करायच्या आधी आमच्या हवालदार मेजरने मला बाजूला घेतलं," दत्ताराम म्हणाला. "म्हणाला, जे मला सांगितलंस ते आत सांगू नकोस. बोल, पी रखी थी. पिणाऱ्याला फौज हसते आणि सोडून देते. घाबरणाऱ्याला कुणी जवळ बसवत नाही. माझ्या भल्यासाठीच सांगितलं त्याने. मी आत जाऊन तेच बोललो."

जोकिम टाइप करत राहिला. दोन पानं झाली. प्रिंटरमधून निघालेले कागद सारखे करून त्याने पाकिटात घातले आणि चाळीस दिऱ्हमची पावती फाडली नाही. "सही उद्या कॉन्सुलेटच्या माणसासमोर. पण आज रात्री जेवायच्या आधी हे आशाला वाचून दाखव. ती इंग्लिश वाचत नाही म्हणून लपवशील, मी ओळखतो तुला."

"इन्शाल्ला," दत्ताराम म्हणाला. दुबईत हा शब्द टाळाटाळीला फार उपयोगी पडतो.

घरी आल्यावर त्याने पाकीट फाइलमध्ये ठेवलं, फाइल कपाटात, कपाटाला कुलूप. मग कुलूप काढून फाइल बाहेर. मग बूट पुसले. आशा पलंगावर नर्सरीचे धुतलेले एप्रन घड्या करत बसली होती. तिने तीन एप्रन होईपर्यंत वाट पाहिली.

"काय ते बोला एकदाचं. चार दिवस बघतेय मी."

त्याने तोंड उघडलं. मिटलं. मग त्याने पाकीट सृष्टीपुढे टेबलावर ठेवलं. "आईला वाचून दाखव."

"व्हॉट इज धिस?"

"वाच."

आणि स्वतः दाराशी जाऊन उभा राहिला, टाचा जुळवून, हात सरळ.

सृष्टी वाचू लागली. कागद इंग्रजीत, आशा म्हणायची, "मराठीत सांग गं," आणि सृष्टीचं मराठी म्हणजे घरातल्या घरात वापरायचं, चार मोजक्या शब्दांचं. त्यामुळे जोकिमने टाइप केलेली मोठमोठी वाक्यं तिच्या तोंडून अगदी उघडी होऊन बाहेर पडत होती.

"बर्फ पडला. पाच माणसं... डाइड. मेली. बाबांचा फ्रेंड पण. बाबांनी त्याला खणून काढला." तिने बापाकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. "मग बाबा घरी आले. मग परत निघाले. ट्रेन इटारसीला थांबली. बाबा पाणी भरायला उतरले. देन गाडी सुटली, आणि बाबा चढले नाहीत."

"का?" आशाने विचारलं.

"इथे लिहिलंय, पाय ऐकले नाहीत. रोज तीच ट्रेन यायची. बाबा रोज ट्रंक घेऊन उभे राहायचे. रोज पाय ऐकायचे नाहीत. मग ते प्लॅटफॉर्मवरच्या कँटीनमध्ये प्लेट्स धुवायचे." सृष्टीने पान उलटलं. "आई, दारू नव्हती. इट सेज, नेव्हर. आयुष्यात कधीच नाही. बाबा घाबरले होते. दॅट्स ऑल. घाबरले होते."

तो शब्द पोरीच्या तोंडून इतका साधा आला की दत्तारामला खाली बसावंसं वाटलं. तो बसला नाही.

"पुढे वाच," आशा म्हणाली. तिच्या हातात एप्रन होता, अर्धी घडी घातलेला.

"नाइन्टीन्थ डे. एक लेडी होती, तिच्याकडे बॅग्ज खूप. तिने बाबांना म्हटलं, बाळ धरा. बाबांनी बाळ धरलं आणि तिच्यामागून चढले. मग गाडी सुटली." सृष्टी थांबली. "हाऊ ओल्ड वॉज द बेबी?"

"तुझ्याएवढं," दत्ताराम भिंतीला म्हणाला. "तेव्हा तू आठ महिन्यांची. हातात बाळ होतं, पायांकडे लक्ष नाही राहिलं."

स्वयंपाकघरात सिसिलिया भांडी लावत होती त्याचा आवाज येत होता.

"म्हणजे तुम्ही पिलेले नव्हतात," आशा शेवटी म्हणाली.

"नाही."

"झोपत कुठे होतात?"

"वेटिंग हॉलमध्ये. बाकावर."

"आणि मला एक फोन करवला नाही?"

"काय सांगणार होतो?"

"हेच! पोरीने आत्ता सांगितलं ते!" एप्रन तिने पलंगावर फेकला. ती संतापली होती आणि तिचे डोळे भरले होते, दोन्ही एकदम. "माझा बाप पिऊन तोंड लपवायचा. तुम्ही न पिता लपवलंत. तेरा वर्षं मी लोकांना सांगत फिरले, यांनी सोडली, यांनी सोडली! रात्री उठून बसायचात तेव्हा मला वाटायचं, दारू आठवते. मी उठून पाणी द्यायचे आणि देवीचं नाव घ्यायचे. तुम्हाला तो रोशन दिसत होता, आणि मी... मी भलत्याच दुखण्याला औषध देत होते. आणि माझे मासे हो?"

"चूक झाली," दत्ताराम म्हणाला.

ती उठून स्वयंपाकघरात निघून गेली. दार आपटलं नाही, ते त्याला जास्त लागलं.

सृष्टीने कागद नीट लावून पाकिटात घातले. "बाबा, इट्स अ रिअल थिंग. स्कूलमध्ये काउन्सेलर आली होती, तिने सांगितलं. त्याला नाव असतं." मग जरा थांबून तिने जपून एकेक मराठी शब्द जुळवला. "बाबा, तुम्ही आता बसू शकता."

तो बसला. चार दिवसांत पहिल्यांदा पाठ टेकून. आपल्या पायांकडे बघत होता. आतून आधी सिसिलियाचा आवाज आला, "किसके लिए निकालती है तू?" मग आशाचं काहीतरी पुटपुटणं, मग कढईत फोडणीची चर्र. आल्या-लसणीचा आणि बांगड्याचा वास खोलीत आला. बांगडे सिसिलियाने शुक्रवारसाठी आणून ठेवले होते.

जेवायला बसले तेव्हा तीन ताटांत कालवण आणि तीन बांगडे होते. आशाने आपलं ताट पुढे ओढलं. तेरा वर्षांची सवय, तिचा हात क्षणभर माशावर तसाच राहिला.

"आई, युअर प्रॉमिस," सृष्टी घाबरून म्हणाली. "निकाल लागेपर्यंत तरी थांब ना."

"निकालाशी माझं काय? देवीकडे मी मागितलं होतं ते यांना बरं वाटू दे म्हणून. दुखणं मी चुकीचं सांगितलं, तिचा काय दोष. आता बरोबर सांगेन." तिने बोटांनी पाठीकडचा तुकडा सोडवला, काटा सराईतपणे बाजूला केला आणि तोंडात घातला. डोळे मिटले. चावता चावता तिची भुवई वर चढली. पुन्हा एक तुकडा घेतला. मग बोट कालवणात बुडवून चाटलं.

"मीठ कुठे आहे यात?"

सृष्टीने खाली पाहिलं.

"रोज घालते तेवढंच घातलंय मी. अगं, रोज तू ‘फाइन’ म्हणतेस!" आशाने ताटावरून नजर उचलून नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ताटात, नेहमीच्या जागी, लोणचं होतं. ती त्या लोणच्याकडे बघत राहिली. "अहो. इतकी वर्षं?"

दत्तारामच्या टाचा जेवणाच्या चटईवरसुद्धा एकमेकींजवळ आल्या. "चूक..."

"मंगळवारी तिथे एवढं एक बोलू नका," आशा म्हणाली. तिच्या बोटांत बांगड्याचा काटा होता, तो तिने त्याच्यावर रोखला होता. "विचारलंय ते सांगा."

दत्तारामने घास खाली ठेवला. घसा साफ केला.

"कमी असायचं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून कमी असायचं, आशा."

तिने मिठाची बरणी उचलून त्याच्या ताटाजवळ ठेवली, आणि लोणचं आपल्या ताटात घेतलं.